पावागड ढगात असताना चांपानेरहून पायी चढावं का?

मांजलपूरकर: रविवारी बडोद्याहून पावागडला (कालिकामातेचा डोंगर) जायचं ठरतंय. मी, बारा वर्षांचा मुलगा आणि आई (वय ६३, गुडघे ठीक, हट्ट त्याहून ठीक). मुलाला माचीपर्यंत (अर्ध्या वाटेवरचं पठार, रोपवे तिथूनच वर जातो) बसने जायचं नाही, पायथ्याच्या चांपानेरपासूनच चढायचंय. पण गडाजवळच्या हालोलला नोकरीला जाणारा शेजारी म्हणतो, चार दिवस झाले, गडाचा वरचा अर्धा भाग दिसतच नाही. अशा हवेत कुणी गेलंय का? दमलो तर रोपवे आहेच ना?

दांडियाबाजारचे काका: ताई, मी पंचवीस-तीस वेळा गेलोय, त्यातले निम्मे पावसाळ्यात. हे आपल्याकडे जानेवारीत सकाळी पडतं तसलं धुकं नव्हे, ऊन आलं की विरणारं. सपाटीवरून आलेला दमट वारा या एकट्या डोंगराला धडकून वर चढतो. गड साधारण ८०० मीटर, तेवढ्यात हवा चार-पाच अंशांनी गार होते आणि ढग तिथेच बनतो. एक वाहून गेला की मागे दुसरा तयार. तेव्हा 'दहापर्यंत निवळेल' या भरवशावर राहू नका.

माचीच्या वर पायऱ्या आहेत, दुकानं आहेत, माणसं आहेत. तिथे चुकणार नाही, घसराल फार तर. गोची होते पायऱ्या सोडल्यावर. मागे एकदा मी आणि भाचा दुधिया तळ्यापासून नवलखा कोठार बघायला निघालो. शेंगांची पुडी खात खात (टरफलं वाटेत टाकली, कबूल, चूकच ती). ढग आला. भाच्याचा लाल रेनकोट पाच पावलांवर गुलाबी झाला, मग करडा, मग नाहीच. देवळाच्या घंटेवरून दिशा धरावी म्हटलं, तर घंटा चहूबाजूंनी वाजत होती! नाकासमोर चाललोय अशी दोघांचीही खात्री. पंधरा मिनिटांनी पायाखाली टरफलं. आमचीच.

मग सरळ खाली बसलो. अर्ध्या तासाने ढग फाटला तेव्हा कोठाराचे घुमट उजवीकडे निघाले, आम्ही डावीकडे शोधत होतो. त्या बाजूला कडा आहे, हे वेगळं सांगायला नको. म्हणून यंदा तळी-कोठार विसरा. माताजींचं दर्शन घ्या आणि आल्या वाटेने परत.

अलकापुरी_सायकलवाला: काकांना दुजोरा. थोडी भर: टॉर्च कपाळाला बांधू नका, उजेड ढगावर आपटून डोळ्यांतच येतो. कमरेपाशी धरून पायांसमोर टाका. मुलाच्या गळ्यात शिट्टी द्या. मिनिटाला सहा फुंकी म्हणजे मदत हवी. आणि रोपवेवर विसंबू नका, वारा सुटला की तो बंद ठेवतात. नेमका दमल्यावरच बंद असतो, असा माझा अनुभव.

सयाजीबाग७७: एवढं काय घाबरवताय! ऑगस्टमध्ये ढगातून चालायलाच तर जातात लोक. आमची म्हातारी आजी जायची.

दांडियाबाजारचे काका: आजी पायऱ्यांवरूनच जायच्या ना? मग आपलं भांडण नाही.

मांजलपूरकर: जाऊन आलो. चांपानेरहून माचीपर्यंत पायी, दीड तासाचं म्हणत होते, आम्हाला अडीच लागले. दगडांवर शेवाळ, आई काठी टेकत सगळ्यांत पुढे. माचीला पोहोचलो तर समोरच्या टपरीची पाटीही वाचता येईना, रोपवे बंद. मुलगा वर जाऊया म्हणून अडून बसला. आई म्हणाली, माताजी काही पळून जात नाहीत, भजी आण आधी. तिथूनच हात जोडले आणि बसने खाली आलो. परत येताना हालोलला मागे वळून पाहिलं, तर कळस लख्ख उन्हात! चिरंजीव अजून बोलत नाहीयेत.