'अन', 'इन', 'डिस' आणि 'नॉन': इंग्रजीतले नकार ओळखायचे कसे?

इंग्रजी शब्दसंग्रह वाढवायला घेतला की सुरुवातीलाच उपसर्गांची यादी समोर येते. अन म्हणजे नाही, इन म्हणजे नाही, डिस म्हणजे नाही, नॉन म्हणजे नाही, आणि ए म्हणजेही नाहीच. यादी पाठ होते, स्पर्धा परीक्षेत विरुद्धार्थी शब्दाचा गुणही पदरात पडतो. पण चार ओळी लिहायची वेळ आली की गाडी अडते. न्यायाधीश अनइंटरेस्टेड असावा की डिसइंटरेस्टेड, हे ती यादी सांगत नाही. माझ्या मते दोष त्या यादीतच आहे. तिने पाचही उपसर्गांपुढे एकच 'नाही' लिहून ठेवलंय, आणि नकार काही एका जातीचा नसतो.

खरं तर मराठी माणसाला हे नव्याने शिकवायला नको. शाळेत आपण नञ् तत्पुरुष समास शिकलोय: अयोग्य, अनादर, नापसंत, गैरहजर. या 'नञ्'चे अर्थ किती, याचा विचार संस्कृत व्याकरणात फार पूर्वी झाला. त्याचा श्लोक प्रसिद्ध आहे:

तत्सादृश्यमभावश्च तदन्यत्वं तदल्पता ।
अप्राशस्त्यं विरोधश्च नञर्थाः षट् प्रकीर्तिताः ॥

म्हणजे नकाराचे अर्थ सहा. त्या वस्तूसारखं असणं, ती नसणं, तिच्याहून वेगळं असणं, ती थोडी असणं, ती चांगली किंवा योग्य नसणं, आणि तिच्या थेट विरुद्ध असणं. अल्पतेचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण 'अनुदरा कन्या' असं आहे. शब्दशः पोट नसलेली मुलगी, पण अर्थ बारीक कमरेची. हा श्लोक हाताशी ठेवून इंग्रजी शब्द वाचायला घ्या, फार गोष्टी सुटत जातात.

अल्पतेपासूनच सुरू करू. ॲनिमिया हा शब्द ग्रीकमधून आलाय, शब्दशः 'रक्त नसणे'. रक्तच नसेल तर रोगी दवाखान्यात येईल कसा? डॉक्टर मराठीत 'रक्त कमी आहे' म्हणतात, तो अर्थ श्लोकातल्या 'तदल्पता'चा. इन्सिग्निफिकंट रक्कम म्हणजे शून्य रुपये नव्हेत. आपला 'नगण्य'ही तसाच आहे. याउलट कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलेला एसिम्प्टोमॅटिक: तिथे लक्षणं खरोखरच नाहीत, तो शुद्ध अभाव. जाता जाता, ग्रीकमध्ये व्यंजनापुढे 'अ' आणि स्वरापुढे 'अन्' येतो. अयोग्य आणि अनुचित यांच्यातला आपला नियम हाच. हे दोन्ही, लॅटिनचा 'इन' आणि इंग्रजीचा 'अन' एकाच मुळातून फुटलेले आहेत.

सादृश्याचं उदाहरण किराणा दुकानात मिळतं. कॉफीत घालायच्या पावडरीवर नॉन-डेअरी क्रीमर लिहिलेलं असतं. ती दुधासारखी दिसते आणि दुधाचं काम करते, म्हणून तिच्या बाबतीत हा नकार सांगावा लागतो. पाण्याला कुणी नॉन-डेअरी म्हणत नाही.

पण नॉनचं मुख्य काम वेगळेपण सांगण्याचं, श्लोकातलं 'तदन्यत्व'. त्यात ना निंदा, ना स्तुती. मराठीत हे काम 'इतर' चोख करतो: शिक्षकेतर कर्मचारी, मानवेतर प्राणी, ब्राह्मणेतर चळवळ. इंग्रजीत या तिन्ही ठिकाणी नॉन येईल. तिथे अन किंवा इन लावलात तर शब्द माणसाला दोष देऊ लागतो. नॉन-ह्यूमन म्हणजे मानवेतर, इनह्यूमन म्हणजे अमानुष. नॉन-अमेरिकन म्हणजे जो अमेरिकन नाही तो. आणि अन-अमेरिकन? अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने 1938 साली हाऊस अन-अमेरिकन ॲक्टिव्हिटीज कमिटी नेमली. तिच्यापुढे चौकशीला उभे राहिलेले बरेच जण जन्माने आणि कागदपत्रांनी अमेरिकनच होते. त्यांची निष्ठा अमेरिकेला शोभणारी नाही, असा तो आरोप होता. हे श्लोकातलं अप्राशस्त्य. मराठीत मात्र 'अमराठी' हा नॉनच्या अर्थाने रूढ आहे, त्यामुळे भाषांतर करताना सांभाळावं.

नॉनचा कोरडेपणा कायद्याला फार मानवतो. पोलीस ठाण्यात 'एनसी घेतली' म्हणतात, ते नॉन-कॉग्निझेबल, अदखलपात्र. याचा अर्थ पोलीस त्या गुन्ह्याकडे ढुंकून पाहत नाहीत असा होत नाही. वॉरंटशिवाय अटक करता येत नाही आणि दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही, इतकाच. अजामीनपात्र म्हणजे नॉन-बेलेबल, तिथेही जामीन कधीच मिळत नाही असं नसून तो मिळणं न्यायालयाच्या मर्जीवर असतं.

आता डिस. हा सहसा गप्प बसणारा नकार नाही, काहीतरी मोडणारा आहे. त्यासाठी आपल्या इतिहासातली जोडी पाहा. 1920 ची चळवळ नॉन-कोऑपरेशनची, असहकाराची: सरकारी शाळा, न्यायालयं, पदव्या यांतून अंग काढून घ्यायचं. 1930 ची चळवळ सिव्हिल डिसओबीडियन्सची: मिठाचा कायदा मुद्दाम, उघडपणे मोडायचा. मराठीने पहिल्याला 'अ' लावला आणि दुसऱ्याला 'भंग' जोडला, 'सविनय कायदेभंग'. नॉन आणि डिस यांतलं अंतर याहून नेमकं दाखवणारी जोडी मला ठाऊक नाही.

त्याच चालीवर अनऑर्गनाइज्ड आणि डिसऑर्गनाइज्ड. घरकाम करणाऱ्या बाई, फेरीवाले, बांधकामावरचे मजूर हे अनऑर्गनाइज्ड क्षेत्रातले, असंघटित. 2008 च्या सामाजिक सुरक्षा कायद्याच्या नावातही हाच शब्द होता. त्यांना डिसऑर्गनाइज्ड म्हणणं म्हणजे त्यांचं काम विस्कळीत आहे असं म्हणणं, आणि पहाटे पाचला उठून चार घरची कामं वेळेत उरकणाऱ्या बाईंबद्दल ते सरळसरळ खोटं ठरेल.

मग न्यायाधीश कोणता हवा? डिसइंटरेस्टेड. इथे 'इंटरेस्ट' म्हणजे रस नव्हे, हितसंबंध. आपल्या न्यायालयांत 'इंटरेस्टेड विटनेस' म्हणतात तो निकालात स्वतःचा लाभ असलेला साक्षीदार. तसा लाभ ज्याचा नाही तो डिसइंटरेस्टेड. खटल्यात रसच नसलेला, जांभया देणारा तो अनइंटरेस्टेड. इतिहास पाहिला तर 17व्या शतकात डिसइंटरेस्टेड 'रस नसलेला' या अर्थानेही लिहिलेला सापडतो, आणि आजही अनेक जण तसा वापरतात. तरी लिहिताना हा फरक पाळावा, असं मला मनापासून वाटतं. निःपक्षपातीपणासाठी इतका नेमका शब्द भाषेत असताना तो का घालवायचा? इमॉरल-एमॉरलचंही तसंच: पहिला नीती मोडणारा, दुसरा नीतीचा प्रश्नच न उद्भवणारा. भूकंप एमॉरल असतो.

'इम, इल, इर हे वेगळे उपसर्ग आहेत का?' हा प्रश्न हटकून येतो. नाहीत, सगळे 'इन'च. 'संप' हा शब्द मोठ्याने म्हणा, मग 'संत' म्हणा. पहिल्यात ओठ मिटून 'म्' येतो, दुसऱ्यात जीभ दातांना लागून 'न्' येतो. तसाच इन हा प, ब, म यांच्यापुढे इम होतो: इम्पॉसिबल, इम्बॅलन्स, इममॅच्युअर. 'ल'पुढे इल, जसं आपलं उत् अधिक लेख उल्लेख होतं. 'र'पुढे इर. म्हणजे चार याद्या पाठ करायची गरजच नाही, तोंडाला विचारलं की पुरतं.

पण एक इन नकाराचा नाहीच. महामार्गावर पेट्रोलच्या टँकरमागे 'हायली इन्फ्लॅमेबल' रंगवलेलं असतं. हा इन 'आत' या अर्थाचा, इन्फ्लेम म्हणजे पेटवणे यातला. नकाराच्या सवयीने वाचणारा याचा अर्थ 'न पेटणारं' असा लावू शकतो, आणि तिथे चूक जिवावर बेतते. म्हणून 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने 'फ्लॅमेबल' लिहा असा आग्रह धरला. न पेटणाऱ्या वस्तूला नॉन-फ्लॅमेबल म्हणायचं. इन्व्हॅल्युएबलमध्ये मात्र नकार खरा आहे, तरी ते टाकाऊ होत नाही. 'अमूल्य' ठाऊक असलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. टाकाऊ ते वर्थलेस, कवडीमोल.

लिहिणाऱ्यांना सर्वांत जास्त छळतात त्या नाम-विशेषणाच्या जोड्या. अनस्टेबल पण इनस्टॅबिलिटी. अनजस्ट पण इनजस्टिस. अनइक्वल पण इनइक्वॅलिटी. अनग्रेटफुल पण इनग्रॅटिट्यूड. अनेबल पण इनॅबिलिटी, आणि डिसॅबिलिटी तिसरंच. कारण साधं आहे. विशेषणाला इंग्रजीने आपला घरचा अन लावला, नाम मात्र लॅटिन-फ्रेंचमधून इनसकट तयार आलं. या जोड्या वाक्यात घालूनच शिकाव्या, सुट्या टिकत नाहीत.

शब्दसंग्रह खरा वाढतो तो उपसर्गामागचा धातू पाहिल्यावर. इमॅक्युलेटमधला 'मॅक्युला' म्हणजे डाग, नेत्रतज्ज्ञ डोळ्याच्या पडद्यावरच्या भागाला मॅक्युला म्हणतात तोच. म्हणजे इमॅक्युलेट हुबेहूब आपला 'निष्कलंक'. अनकेम्प्टमध्ये इंग्रजी 'कोम' (comb) म्हणजे कंगवा लपलाय, केस न विंचरलेला. इन्फंट म्हणजे अजून बोलता न येणारा. एनिमी हा लॅटिनच्या 'इन' आणि 'मित्र' या शब्दांपासून फ्रेंचमार्गे आला, आणि संस्कृतात 'अमित्र' म्हणजे शत्रूच. रस्त्यावरचा अनोळखी माणूस अमित्र नव्हे. श्लोकातला सहावा अर्थ, विरोध, तो हा.

इल्लेजिबल आणि अनरीडेबल यांच्यातही असाच फरक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीतलं अक्षर 'लागत नाही', तेव्हा ती इल्लेजिबल. छपाई सुबक असूनही दहाव्या पानापुढे जाववत नाही, ती कादंबरी अनरीडेबल.

एका शब्दावर मला तुमची मदत हवी आहे. इनएव्हिटेबलला 'अटळ' तंतोतंत बसतो, टळणे हा धातूही तोच. इनएक्झोरेबलचं काय? त्याच्या मुळाशी विनवणी आहे: कितीही गयावया केली तरी ज्याचं मन वळत नाही असा. 'निष्ठुर'मध्ये क्रूरपणा जादा येतो, 'अटळ'मध्ये विनवणी हरवते. एका शब्दात काही सुचत असेल तर जरूर लिहा. तोवर मी 'कशालाही न बधणारा' असंच लिहितो.