प्रति: हातात पैसे नाहीत, पगार 22 हजार, घर घेता येईल का?

ताई, वर एकाने सुचवलंय की पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट भरा. कृपया तसं करू नका. दोन हप्ते एकदम सुरू झाले की 22 हजारांत घर चालणार नाही, आणि त्या लोनमुळे बँक गृहकर्जही कमी मंजूर करते.

नियम असा: 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के देते. 20 लाखांच्या फ्लॅटला 2 लाख तुमचे. वर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे साधारण सव्वा ते दीड लाख, तेही खिशातूनच (10 लाखांच्या आतलं घर असेल तरच ते कर्जासाठी किमतीत धरता येतात). "झिरो डाउन पेमेंट" म्हणणारा बिल्डर बरेचदा कर्ज जास्त निघावं म्हणून करारातली किंमत फुगवतो. तिथे सहीच करू नका.

घर फक्त तुमच्या नावावर घ्या, महाराष्ट्रात स्त्रियांना मुद्रांक शुल्कात 1 टक्का सूट आहे. नोकरीत पीएफ कापला जात असेल तर घरासाठी तो काढता येतो, आधी तिथली शिल्लक बघा. म्हाडाच्या सोडतीत अत्यल्प उत्पन्न गटातून अर्ज कराच. मात्र नंबर लागल्यावर पैसे मुदतीत भरावे लागतात, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला आणि बँकेशी बोलणं आत्तापासूनच सुरू करा.