गुडघ्याच्या झिजेवर पीआरपी ट्रायल: आराखडा तपासून द्याल का?

बांबोळी_पीजी
नमस्कार. एमएस ऑर्थोच्या प्रबंधासाठी ट्रायल आखतोय. केएल ग्रेड (एक्स-रेवरून ठरणारी झिजेची पायरी) २ आणि ३, वय ४५ ते ७०. गट तीन: पीआरपी (रुग्णाच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट जास्त असलेला द्रव), हायल्युरॉनिक ॲसिड (सांध्यात द्यायचं वंगणासारखं इंजेक्शन), फक्त व्यायाम, प्रत्येकी ३० रुग्ण. व्हीएएस (वेदनेची मोजपट्टी), वोमॅक आणि कूस (गुडघ्याच्या त्रासाच्या प्रश्नावल्या), तिन्ही ६ आठवडे, ३ महिने व ६ महिन्यांवर. इंजेक्शन आणि तपासणी दोन्ही मीच करणार. पुढच्या महिन्यात एथिक्स कमिटी आहे. काय दुरुस्त करू?

आकडेमोड
डॉक्टर, तिसरा गट काढाच. पीआरपी आणि सलाईन एवढे दोन ठेवा, व्यायाम दोघांनाही सारखा द्या. गुडघ्यात सुई गेली की सलाईननेसुद्धा बऱ्याच जणांना बरं वाटतं. २०२१च्या रिस्टोअर ट्रायलमध्ये २८८ रुग्ण होते, आणि १२ महिन्यांनी पीआरपी व सलाईनमध्ये दुखण्यात लक्षणीय फरक दिसला नाही. फक्त व्यायामाच्या गटाशी तुलना केलीत तर सुईचं श्रेय पीआरपीला जाईल.

आता आकडा. एसडी (गुण सरासरीभोवती किती पसरतात ते) २० गुण धरली, तर ३०-३० रुग्णांत ८० टक्के पॉवरने (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) साधारण १५ गुणांचा फरक सापडतो. एवढा मोठा फरक मिळेल ही आशा धरू नका. १० गुणांचा फरक पकडायला प्रत्येक गटात ६४ लागतात, २० टक्के गळती धरून ८०. सुरुवातीचा गुण विश्लेषणात घेतलात आणि त्याचा शेवटच्या गुणाशी सहसंबंध ०.५ असेल, तर ६४ चे ४८ होतात, गळतीसह ६०. एकूण १२० रुग्ण. प्रबंधाच्या मुदतीत हे जमण्यासारखं आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा निकाल लिहिताना होतो. ‘दोन्ही गटांत आधी-नंतर पी ०.००१’ यातून उपचाराबद्दल काहीच कळत नाही. रुग्ण ओपीडीत येतो तोच दुखणं शिगेला पोचल्यावर. काही न करताही पुढच्या भेटीत आकडा उतरतो. दोन गटांमधला फरक आणि त्याचा ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा फरक ज्या पट्ट्यात असावा तो) द्या.

इंजेक्शन देणाऱ्याने तपासणी अजिबात करू नये. रक्त दोन्ही गटांचं काढा, सिरिंजवर अपारदर्शक वेष्टन लावा, रुग्णाला सुई दिसू देऊ नका. रुग्णाचा गट सांगणारी पाकिटं क्रमांकित, अपारदर्शक, सीलबंद हवीत; ब्लॉक (ज्यात दोन्ही गट समसमान येतात असे रुग्णांचे तुकडे) ४ आणि ६ असे मिसळून. पाकीट फोडण्याआधी त्यावर रुग्णाचं नाव लिहा. प्रकाशात धरून आतला कागद वाचता येत असेल तर रँडमायझेशन (चिठ्ठीने गट ठरवणं) संपलंच.

फिजिओ_फोंडा
वोमॅकचे सगळे प्रश्न कूसमध्ये आहेतच. दोन्ही दिलेत तर रुग्ण तेच दोनदा भरतो आणि कंटाळून एकच रकाना ओढत जातो. कूस एकटं पुरे. ३ महिन्यांवरचा कूस-वेदना गुण हा एकच प्रायमरी आउटकम (मुख्य निकाल) लिहून ठेवा. एक लक्षात असू द्या: कूसमध्ये १०० म्हणजे उत्तम, वोमॅकच्या कच्च्या गुणात जास्त म्हणजे वाईट. जुन्या अभ्यासांशी तुलना करताना दिशा उलटते.

भाषांतराचंही बघा. कूसमध्ये मोजे घालणं-काढणं आहे, बाथटबमध्ये उतरणं आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या बाया हे प्रश्न कोरे सोडतात किंवा ‘त्रास नाही’वर खूण करतात. शब्द मनाने बदलू नका, अधिकृत मराठी आवृत्ती घ्या. कोकणीत विचारणार असाल तर दोन स्वतंत्र भाषांतरं, मग उलट भाषांतर, मग पाच-सहा रुग्णांकडून वाचून घेणं, एवढं हवंच. आणि रोमी (रोमन लिपीतली कोकणी) वाचणाऱ्यांसाठी रोमीतही छापा. आदोळीवर (विळीवर) बसून नारळ खोवताना किती दुखतं, हा ० ते १० चा प्रश्न वेगळा, दुय्यम म्हणून ठेवता येईल.

भेटीच्या तारखा ठरवताना चवथ (गणेशचतुर्थी) आणि भाताची रोवणी टाळा. त्या दिवसांत रुग्ण येत नाहीत, आणि आले तर गुडघा नेहमीपेक्षा जास्त वापरलेला असतो.

लॅबवाला_मडगाव
पीआरपीसाठी रक्त फिरवण्याचा वेग आरपीएममध्ये (मिनिटाला फेरे) लिहू नका, जीमध्ये (गुरुत्वाच्या किती पट जोर) लिहा. १५०० आरपीएम म्हणजे १० सेंमी त्रिज्येच्या रोटरवर सुमारे २५० जी, १५ सेंमीवर सुमारे ३७७ जी. दुसऱ्या यंत्रावर तीच पीआरपी बनणार नाही. काढलेलं रक्त किती मिली, किती स्पिन, दिलेले मिली, प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी रक्तात किती व पीआरपीत किती, हे प्रत्येक रुग्णाचं नोंदवा.

बांबोळी_पीजी
मनापासून आभार. दोन गट आणि कूस नक्की. दोन्ही गुडघे दुखत असतील तर दोन्ही मोजू का? आणि वेदनाशामकांचं काय?

आकडेमोड
जास्त दुखणारा एकच गुडघा रँडमायझेशनआधी ठरवा आणि अर्जात लिहा. ६० रुग्णांचे १२० गुडघे मोजलेत तर ते स्वतंत्र नसतात, पी खोटा लहान येतो. पॅरासिटामॉल चालेल, पण कूस मागच्या आठवड्याबद्दल विचारतो, म्हणून त्या आठवड्यातल्या गोळ्या मोजून लिहा. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं इंजेक्शनच्या आधी-नंतर बंद. ती प्लेटलेटच्या कामात आड येतात.

सीटीआरआय (भारतातल्या ट्रायल्सची सरकारी नोंदवही) नोंदणी पहिला रुग्ण घेण्याआधी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी घेत नाहीत, आणि मग पेपर चांगल्या नियतकालिकात जात नाही.