खनिज सापडलं की युद्ध ठरलेलंच?

खाडीकाठ, ठाणे पूर्व
काल इथे कुणीतरी 'ज्या देशाच्या पोटात खनिज, तो देश रक्तात न्हाणारच' असं टाकलं, जोडीला सिएरा लिओनचे फोटो. वर बदामांचा पाऊस. मग बोट्स्वानाचं काय करायचं? १९६६ ला स्वातंत्र्य, पुढच्याच वर्षी ओरापाला हिरे, आणि आजतागायत यादवी नाही. कारण ओरापाचा हिरा किंबरलाइट खडकात आहे. सुरुंग, क्रशर, फेरोसिलिकॉन कालवलेलं दाट पाणी, शेवटी क्ष-किरणांनी निवड. वीज गेली की कारखाना ठप्प. जंगलातल्या टोळीला हे झेपत नाही. सिएरा लिओनच्या कोनोत हिरा नदीच्या गाळात. वरची माती फावड्याने ओढा, खडीचा थर लागला की ती चाळणीत घालून पाण्यात गरगर फिरवा. जड खडे तळाशी मधोमध जमतात, चाळण उलटी केली की तेच वर दिसतात. मजूर आणि त्यांच्या मागे बंदूक, एवढ्यावर आरयूएफ या बंडखोर टोळीचं दुकान चाललं. १९९९ च्या लोमे शांतता करारात तर त्यांच्या म्होरक्याला, फोदे सांकोहलाच खनिज आयोगाचं अध्यक्षपद बहाल!

वाशीकरीण
म्हणजे लुटायला सोपं म्हणून युद्ध, विषय संपला? पापुआ न्यू गिनीतल्या बुगनविल बेटावरची पांगुना खाण काय चाळणीने चालायची? तांब्याची अवाढव्य उघडी खाण, १९७२ पासून. स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, सव्वा टक्का, आणि त्या सव्वा टक्क्यातले ५ टक्के जमीनमालकांना. गाळ सोडला जाबा नदीत. लोकांनी तांबं लुटलं नाही, विजेचे मनोरे उडवले. १९८९ ला खाण बंद, पुढे कित्येक वर्षं रक्तपात. इंडोनेशियातल्या आचे प्रांतातला गॅसही कुणी पिशवीत भरून नेला नव्हता. तिथे २००५ च्या हेलसिंकी करारात तेल-वायूचा ७० टक्के महसूल प्रांताला द्यायचं ठरलं, तेव्हा मिटलं.

खाडीकाठ
आचे उद्ध्वस्त करून दोघांना तहाला बसवणारी २००४ ची त्सुनामी सोयीस्कर विसरलात, ताई. पांगुनाचं मान्य, पण तिथल्या बंडखोरांना खाणीने राग पुरवला, पैसा नाही. दोन्ही आजारांना एकच गोळी देऊ नका. नायजर डेल्टात दोन्ही आहेत. तेलाच्या उत्पन्नातला प्रांताचा वाटा १९६० च्या सुमारास ५० टक्के होता, घसरत दीड टक्क्यावर आला, १९९९ च्या घटनेत किमान १३. आणि चोरीही : पाइपलाइनवरची माती काढायची, व्हॉल्व्ह वेल्ड करायचा, त्यातून भोक पाडायचं, होज थेट बार्जमध्ये.

मुंब्रा रेतीबंदर
बार्ज म्हणालात म्हणून सांगतो, नायजेरिया कशाला, काल्हेरला या. डुबी मारून रेती काढायचे तोवर खाडी खड्डे भरून घ्यायची. सक्शन पंपाचा पाइप तळाला लागला की रेती-पाणी एकत्र वर येतं, पाणी परत खाडीत, रेती बार्जमध्ये. तळाला खोल खड्डा, त्याच्या कडा ढासळत पुलाच्या पायापर्यंत. महसूलवाले गॅस कटरने बार्ज कापतात, पेपरात फोटो येतो, पुन्हा दुसरा बार्ज. हा सशस्त्र संघर्ष नाही तर काय?

बेलापूर खिंड
नाही. स्वीडनचं उप्साला विद्यापीठ जगातले संघर्ष मोजतं, त्या मोजणीत वर्षाला लढाईतले किमान २५ मृत्यू लागतात. रेतीमाफिया म्हणा, शब्द स्वस्त करू नका.

मुंब्रा रेतीबंदर
वा! २४ गेले तर शांतता. तलाठ्याच्या अंगावर डंपर घालतात ते हळदीकुंकू असेल मग.

बेलापूर खिंड
टोमणे राहू द्या, वजन बघा. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, चार टनांच्या वर. हिरा तोंडात लपवून सीमा ओलांडता येते. रेतीला डंपर, रस्ता आणि घोडबंदरची बांधकामं हेच गिऱ्हाईक लागतं. ती विकायला सरकार पाडून भागत नाही, ते झोपलेलं हवं. म्हणून तिथे बंडखोराऐवजी हप्ता असतो. महसूल संहितेचं कलम ४८(७) बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड सांगतं. वसूल कुणाकडून करणार? हाती लागतो तो ड्रायव्हर, आणि पंचनाम्यात मालक 'अज्ञात'.

वाशीकरीण
मग गडचिरोलीतली सूरजागडची खाण? लोहखनिज रेतीहून जड. तरी २०१६ ला माओवाद्यांनी ट्रक जाळलेच ना?

बेलापूर खिंड
जाळले, विकले नाहीत. जड माल अडवता येतो आणि अडवण्याचीच खंडणी मिळते. गडचिरोलीत माओवाद्यांचा जुना पैसा तेंदूतला, म्हणजे विडीच्या पानांतला. ७० पानांचा पुडा, हजार पुड्यांची प्रमाण गोणी, फळ्या, म्हणजे पानं गोळा करायच्या जागा, जंगलभर विखुरलेल्या. पाऊस पडायच्या आत गोण्या निघाल्या नाहीत तर पान काळं पडतं. कंत्राटदार घासाघीस करणार कधी? गुमान देतो.

वाशीकरीण
ठीक. पद्धतीचा मुद्दा घेतला, उपकार म्हणून. पण खाण कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने आणि तिच्या नियमांनी जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानला, म्हणजे खाणबाधितांच्या निधीला, द्यायला लावली, ती वाट्याच्या भांडणामुळेच ना?

खाडीकाठ
हो. पण कायद्यात लिहिलेला वाटा आणि गावात पोचलेला वाटा यांत फरक असतो. बुगनविलमध्येही वाटा कागदावर होताच.

मुंब्रा रेतीबंदर
तेंदूला वेगळा धागा काढा. पुलाच्या पायाचं कुणी बोललंच नाही.