पुन्हा ताप आला म्हणजे पुन्हा डास चावलाच असं नाही

सोसायटीचा ग्रुप, औसा रोड, लातूर

बी-२०३ काका: मंडळी, आमच्या पोराला परत थंडी वाजून ताप यायलाय. दोन महिन्याखाली मलेरिया निघाला होता. आज रक्त तपासलं तर परत तोच, व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया. महापालिकेला फवारणीचं सांगा कुणीतरी, डास लई झालेत.

ए-४०१ दादा: सकाळी फोन करतो काका.

सी-१०२ ताई: फवारणीचं बघूच. पण काका, मागच्या वेळी प्रायमाक्विन किती दिवस घेतली त्यानं? क्लोरोक्विन संपल्यावरही चालू ठेवायची ती गोळी. १४ दिवसांची असते.

बी-२०३ काका: चार-पाच दिवस घेतली असेल. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, रक्त परत तपासलं तर निगेटिव्ह. मग पोरगं ऐकतंय व्हय! नीटचे क्लास बुडायलेत म्हणून त्याची घाई.

सी-१०२ ताई: खरी अडचण तिथंच आहे. माझी सगळी नोकरी आरोग्य केंद्रात रक्ताच्या काचा बघण्यात गेली. काचेवर रक्तातला जंतू दिसतो, यकृतात लपलेला दिसत नाही. रॅपिड किटलाही तो कळत नाही. डास चावला की जंतू आधी यकृतात जातात. फाल्सिपॅरम या मलेरियाच्या दुसऱ्या जातीचे सगळे तिथून रक्तात उतरतात, व्हायव्हॅक्सचे काही तिथंच निजून राहतात. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी जागे होतात आणि नवा डास न चावताही ताप उलटतो. क्लोरोक्विन ३ दिवसांत रक्त साफ करते, पण निजलेल्यांना काही करत नाही. त्यांच्यावर चालते ती प्रायमाक्विन. म्हणून निगेटिव्ह रिपोर्ट बघून ती बंद करायची नसते.

बी-२०३ काका: म्हणजे हराळीसारखं की. वरून खुरपलं तरी मुळी खालीच.

सी-१०२ ताई: अगदी तसंच. रोनाल्ड रॉसनं १८९७ ला आपल्याच निजाम राज्यातल्या सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला. यकृतात निजलेला जंतू दिसायला मात्र १९८० साल उजाडलं. शास्त्रज्ञांनाही इतका दडून राहिला तो, तर ताप उतरल्यावर आपल्याला कुठून कळणार?

ए-४०१ दादा: ताई, एकाच डोसची गोळी निघाली म्हणतेत ना?

सी-१०२ ताई: टॅफेनोक्विन. अमेरिकेत २०१८ ला मंजूर झाली. पण ती द्यायच्या आधी जीसिक्सपीडीचं नेमकं प्रमाण मोजावं लागतं. आपण डॉक्टरांनी लिहिलेला कोर्सच पुरा करू.

बी-२०३ काका: हे जीसिक्सपीडी काय आणखी?

सी-१०२ ताई: तांबड्या पेशींना सांभाळणारं एंझाइम. काहींच्यात ते जन्मतःच कमी असतं, ही कमतरता पुरुषांत जास्त आढळते. अशांना प्रायमाक्विननं तांबड्या पेशी फुटतात. लघवी काळपट-लाल झाली, डोळे पिवळे पडले, धाप लागायली तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मागच्या खेपेला काही झालं नाही म्हणून तपासणी टाळू नका. आणि गोळी उपाशीपोटी नको, पोटात मुरडा येतो.

ए-३०४ वहिनी: ताई, माझ्या भाचीला सहावा महिना चालू आहे. तिलाही व्हायव्हॅक्स निघालाय. तिला ही गोळी लिहिलीच नाही. मेडिकलमधून आणून देऊ का?

सी-१०२ ताई: नका हो वहिनी, बिलकुल नका! गरोदरपणात प्रायमाक्विन चालत नाही. पोटातल्या बाळात ते एंझाइम कमी आहे का हे आपल्याला माहीत नसतं. वर्षाच्या आतल्या लेकरांनाही देत नाहीत. तिला क्लोरोक्विन देता येते. मधे ताप उलटू नये म्हणून काही डॉक्टर ती आठवड्याला एकदा बाळंतपणापर्यंत चालू ठेवतात, ते तिच्या डॉक्टरांना जरूर विचारा. प्रायमाक्विनचं नंतर तेच ठरवतील. अंगावर पाजत असेल तर तेही त्यांना सांगायचं.

ए-३०४ वहिनी: बरं झालं विचारलं. आत्ताच बहिणीला फोन लावते.

ए-४०१ दादा: आणि गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्यानं सरकलंय. उद्या बसवून घेतो.

सी-१०२ ताई: आधी तेच करा दादा. शहरातला मलेरियाचा डास गटारात नाही, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. नळाला रोज पाणी नाही म्हणून घरोघरी ड्रम भरलेले असतात. आठवड्यातून एकदा रिकामे करून, घासून, वाळवून भरायचे. पोराच्या रक्तात जंतू आहेत तोवर त्याला मच्छरदाणीतच झोपवा काका, नाहीतर त्याला चावलेला डास पुढं दुसऱ्याला देईल.

बी-२०३ काका: जीसिक्सपीडीचा रिपोर्ट उद्या संध्याकाळी देतो म्हणाले. तोवर थांबू का?

सी-१०२ ताई: क्लोरोक्विन डॉक्टरांनी लिहिली असेल तर आजच सुरू करा, जेवणानंतर. प्रायमाक्विन रिपोर्ट दाखवून, ते सांगतील तशी. आणि १४ दिवस म्हणजे १४ दिवस.