शिकाऱ्याची नजर कुणाची सरस: माकुळाची की ऑस्प्रेची?

गोदाकाठ: परवा नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात खाणगाव थडीच्या निरीक्षण मनोऱ्यावर होतो. ऑस्प्रेने, म्हणजे मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याने, पाय पुढे करून पाण्यात झेप घेतली आणि मासा घेऊनच वर आला. शेजारचे काका म्हणाले, "नजर म्हणावी तर हीच!" मला तो मान माकुळाचा, म्हणजे समुद्रातल्या कटलफिशचा, वाटतो. पक्ष्याच्या डोळ्यात, आपल्यासारखाच, मज्जातंतू बाहेर पडतात तिथे एक आंधळा ठिपका राहतो. माकुळाचे तंतू डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मागून निघतात, त्यामुळे तो ठिपकाच नाही. शिवाय त्याला प्रकाशाचं ध्रुवीकरण, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात ते, दिसतं. चकचकीत खवल्यांचा मासा पाण्यात लपू पाहतो, तो याला उठून दिसतो.

निफाडकर: साफ अमान्य. माकूळ रंगांधळा आहे आणि शिकार हातभर अंतरावर आल्याशिवाय त्याला धरता येत नाही. ऑस्प्रे वाऱ्यात पंख मारत उंचावर एका जागी थांबतो, खाली बघतो. पाण्यात मासा दिसतो तिथे तो नसतोच, प्रकाश वाकतो. ती चूक धरून झेपावायचं! पकडही बघा: बाहेरचं बोट मागे वळतं, म्हणजे दोन बोटं पुढे, दोन मागे, तळव्याला काटेरी खवले. बुळबुळीत मासासुद्धा निसटत नाही. आणि नेताना माशाचं तोंड पुढे ठेवतो.

मालवणची_सातपूरला: निफाडकर, हातभर अंतराला कमी लेखू नका. माकुळाच्या दोन लांब सोंडा आत दडवलेल्या असतात, पापणी लवायच्या आत फेकतो. अंतर चुकलं तर सगळं फुकट. 2020 साली अमेरिकेत संशोधकांनी माकुळांना 3D सिनेमाचा असतो तसा लाल-निळा चष्मा चढवून पडद्यावर कोळंबी दाखवली. ती जवळ किंवा लांब भासवली तसे ते पुढे-मागे सरकले. दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळवून अंतर मोजतात! माकूळ साफ करताना पाठीतला समुद्रफेस, म्हणजे आतलं पांढरं हलकं कवच, हातात येतो ना, नखाने सहज चरा पडतो. त्याच्या बारीक कप्प्यांतल्या हवेवर माकूळ पाण्यात तरंगत स्थिर राहतो. ऑस्प्रेला त्यासाठी पंख दमवावे लागतात.

निफाडकर: चष्म्याचं माहीत नव्हतं, ते मानलं. पण दोन माध्यमांमधून नेम धरणं वेगळंच. माकुळाला तो प्रश्नच पडत नाही.

गोदाकाठ: हा मुद्दा खरा, मी विचारात घेतला नव्हता. पण माकुळाचे आईबाप अंडी घातल्यावर मरतात. अंड्यातून निघालेलं नखाएवढं पिल्लू एकट्याने शिकार करतं. ऑस्प्रेचं पिल्लू उडायला लागल्यावरही काही दिवस आईबापांनी आणलेला मासा खातं. म्हणून माझं मत अजून माकुळालाच.