मदत हवी आहे: मुंबई ते लंडन, आई एकटीच निघालीय

नमस्कार मंडळी. आमची आई, वय 68, परभणीहून मुंबईमार्गे लंडनला बहिणीकडे निघालीय. विमानात पहिल्यांदाच बसणार, सोबत कुणी नाही.

तिकिटावर मुंबईहून दुपारी 1:30 ला सुटून संध्याकाळी 6:30 ला पोहोचणार असं आहे. आईला वाटलं पाचच तास. मग वहीत दोन घड्याळं काढून दाखवली: उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, म्हणजे प्रवास साडेनऊ तासांचा. अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. येताना पश्चिमेचं वारं पाठीशी असतं म्हणून वेळ कमी लागतो म्हणे. मला घोर जातानाचाच आहे. तासभर एका जागी बसली तरी तिचे पाय सुजतात.

देवगिरी एक्सप्रेसनं सकाळी मुंबईत उतरून त्याच दिवशीचं विमान गाठावं, की आदल्या दिवशीच जावं? तीन तास आधी विमानतळावर पोहोचायचंय, गाडीला उशीर झाला तर काय, ही धाकधूक आहे. व्हीलचेअर आधी सांगून ठेवली तर हीथ्रोला थेट बाहेरपर्यंत सोडतात का? इन्सुलिन हातातल्या पिशवीत ठेवताना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवावी लागली का कुणाला? आणि धपाटे सोबत नेता येतील का, तिला दुसरं काही जात नाही.

कुणी आईवडिलांना असं एकटं पाठवलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.